हेल्गाबाईचं नको

रेणापूरच्या बबिताला म्हाताऱ्या माणसांची नस बरोबर सापडायची. लातूरला नर्सिंग शिकताना वॉर्डात कुणी जेवायला नको म्हणालं, की ती पुन्हा विचारायची, "दोन घास तरी. माझ्यासाठी." आणि ते माणूस मुकाट तोंड उघडायचं.

पुढं ती जर्मनीत एका वृद्धाश्रमात कामाला लागली आणि तिथं हेच तिच्या अंगाशी आलं. ब्याऐंशी वर्षांच्या हेल्गाबाईनं ताट सरकवलं, तशी बबितानं तिच्या गालाला हात लावून चमचा ओठांशी नेला. हेल्गाबाई हसली, जेवली. पण प्रमुख बाईंनी ते दारातून बघितलं.

"त्या नको म्हणाल्या होत्या. इथं नको म्हणजे नको. तुमच्या गावी वेगळं असेल."

सहामाही अहवालात शेरा पडला: इथली रीत समजत नाही. असा आणखी एक शेरा, की परतीचं विमान.

बबिता शिकली. हात लावायचा नाही. विचारायचं, पण एकदाच.

हिवाळ्यात हेल्गाबाईच्या मुलानं येणं बंद केलं. हेल्गाबाईनं ताट सरकवलं, "नको" म्हणाली आणि बबिताच्या तोंडाकडं बघत राहिली. ते बघणं बबिताला पुरतं कळलं. तिची आई पंचफुलाबाई रुसली की अस्संच बघायची. फक्त पुन्हा एकदा विचारायचं होतं. बबितानं ताट उचललं आणि वहीत लिहिलं, 'नकार दिला, साडेबारा.'

रोज तेच. डॉक्टर आले, त्यांनीही एकदाच विचारलं. विसाव्या दिवशी हेल्गाबाई गेली. वहीत एकही चूक नव्हती. त्या वर्षी बबिताला 'उत्तम' शेरा मिळाला, नोकरी कायम झाली.

आईनं फोनवर विचारलं, "जेवती का गं तुझी म्हातारी?"

"गेली ती. जेवतच नव्हती."

"आन् तू? पुन्ना इचारलं न्हाईस?"

"आवाज येईना गं," म्हणून बबितानं फोन ठेवला. आवाज चांगला स्वच्छ येत होता.

सुट्टीत ती गावी आली, तेव्हा नर्सिंगच्या पोरींना जर्मन शिकवणाऱ्या लातूरच्या क्लासनं तिला सत्काराला बोलावलं. बाकावरची एक पोरगी उठली. "ताई, म्हातारी नको म्हणायली, पण तिला भूक हाय हे दिसायलंय, तर वो?"

बबितानं गळ्यातली शाल नीट केली.

"ताट उचलायचं," ती म्हणाली. "अन् वेळ लिहायला विसरायचं नाही."

चाळीस पोरींनी ते वहीत उतरवून घेतलं.