तळ्याच्या तळाशी चमकी

ती घटना मी निवृत्त होऊनही मनातून गेलेली नाही, कारण त्या गुन्ह्यात खरी साक्ष चिखलाने दिली. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामधल्या एका गावातून आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. तळ्याचं पाणी जांभळं झालंय, ते पिऊन म्हशी मेल्यात आणि विष कालवणारा माणूस गावकऱ्यांनी धरून ठेवलाय.

आम्ही वेळेवर पोहोचलो नसतो तर गावाने त्याला जिवंत सोडलं नसतं. उल्हासनगर कॅम्प पाचचा हा सिंधी व्यापारी कारखान्यांची रसायनांची रिकामी पिंपं विकत घ्यायचा आणि तळ्याकाठच्या भाड्याच्या शेडमध्ये धुऊन विकायचा. फिर्याद दिली गावातल्या वजनदार आबांनी. पंचनामा होईपर्यंत त्यांनी आम्हाला दोनदा चहा पाजला. फिर्यादी फार आग्रह करू लागला की मी सावध होतो, सवयच आहे.

चौकशीत व्यापाऱ्याचं एकच पालुपद. "साहेब, ड्रम धोता हूं, झूठ नहीं बोलूंगा. पण हे पाणी मी यायच्या आधीपासून असंच बिघडायचं." खोटं बोलणारा दर वेळी नवी भर घालतो. याचं अक्षरही बदलत नव्हतं. त्याची बायको रोज डबा घेऊन यायची आणि ठाण्याच्या पायरीवर बसून राहायची. कोठडीची मुदत संपत आली होती आणि त्याच्या बाजूने बोलायला गावात एकही माणूस नव्हता.

पाण्याचा नमुना बघायला आम्ही एका कॉलेजच्या प्राध्यापिकाबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "पाणी आजचं सांगेल. कधीपासून, ते गाळाला विचारावं लागेल."

आमचे हवालदार हसले. "मॅडम, चिखलाची जबानी घेणार काय?"

बाईंनी खरंच घेतली. गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी लांब पाइप तळात ठोकला, वरचं तोंड बंद करून बाहेर ओढला आणि पंचांसमोर उभा चिरला. आबाही काठावर येऊन उभे होते. आयुष्यात पुष्कळ पंचनामे केले, पण असं काही पाहिलं नव्हतं. आत गाळाचे थर चपात्यांच्या चवडीसारखे एकावर एक बसले होते. दर पावसाळ्यात नवा थर बसतो, म्हणजे जितकं खाली तितकं जुनं, असं बाईंनी समजावलं. वरच्या थरांत जांभळ्या रेघा होत्या. मधोमध एका थरात काहीतरी चमचमत होतं आणि त्याच्याही खाली जांभळा रंग होताच.

एक पंच वाकून बघत म्हणाला, "ही त मोठ्या गनपतीची चमकी. आबांनी आनून हितंच बुडवलेला ना, त्या वर्साची. येवढी चमकी परत कदी नाय लागली."

व्यापारी गावात आला तो त्या गणपतीनंतर. म्हणजे विष त्याच्या आधीपासून येत होतं.

अगदी खालच्या तांबूस गाळात नखाएवढे शंख होते. जांभळा रंग सुरू झाला तिथून वर एकही नव्हता. आबांनी त्यातला एक उचलला आणि तळहातावर धरून बराच वेळ बघत राहिले.

"हे आमी पोरं वेचायचो," ते म्हणाले. मग खालीच बसले. "कारखान्यांचे घान पान्याचे टँकर मीच येऊ दिले, साहेब. वर माज्या शेतात रिकामे करायचे, तितून नाल्यानं हितं. त्याच पैशाचा तो गनपती."

मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं.

व्यापारी सुटला. पिंपं धुण्याची केस मात्र त्याच्यावर राहिली आणि ते योग्यच होतं. जाताना तो मला म्हणाला, "साहेब, गाव में मेरे लिए एक आदमी नहीं बोला. कीचड़ बोला."

पाण्यात टाकलं की गेलं, असं गुन्हेगाराला वाटतं आणि आपल्यालाही. त्या दिवसापासून मला तसं वाटत नाही. विसर्जनाच्या वेळी लोक बाप्पाला पुढच्या वर्षी लवकर यायला सांगतात, तेव्हा मी हात जोडतो आणि पाण्याकडे बघतो. मागच्या वर्षीचा अजून तिथेच असतो.