ज्वारीवर ज्वारी
तीर्थपुरीच्या चक्कीत गरम पिठाचा वास आला, की मला पुण्यातली आमची जुनी चक्की आठवते. बारा वर्षं राहिलो आम्ही तिथं. रांगेत सगळ्यांचे डबे गव्हाचे, माझा एकटीचा ज्वारीचा. गव्हावर ज्वारी दळली, की पीठ मिसळतं आणि भाकरी चिवट होते. म्हणून दुसरं कुणी ज्वारी घेऊन येऊन ती आधी दळून होईपर्यंत मी हटून उभी राहायची आणि चक्कीवाला सगळ्यांदेखत हसायचा. पुढं आम्ही गावी, तीर्थपुरीला परतलो. बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी पुण्याला गेलो, तेव्हा मुद्दाम त्या गल्लीत वळलो, तर चाळींच्या जागी टॉवर. नवरा म्हणाला, “आपलं काहीच राह्यलं न्हाई इथं. चल जल्दी.” मी म्हटलं, “चक्की असंल. वास येऊन राह्यला.” नाकाच्या भरवशावर चालत एका टॉवरखालच्या गाळ्यापाशी पोचले. आत तोच चक्कीवाला, केस तेवढे पांढरे झालेले. बघताक्षणी म्हणाला, “ज्वारीवाल्या ताई! आता सगळ्यांनाच ज्वारी लागते हो, डॉक्टरांनी गहू बंद केलाय.” रांगेतले सगळे डबे ज्वारीचे होते. मी म्हटलं, “मी तवाच सांगत होते.” या वेळी तो हसला नाही. इकडं तीर्थपुरीत मात्र आता घरोघरी चपात्या. आज चक्कीवाल्यानं विचारलं, “काकू, गव्हावरच टाकू का?” मी डबा जवळ ओढला. “बिलकुल न्हाई. थांबते मी. येईल कुणीतरी ज्वारी घेऊन.”