तालमीतली तानाबाई

कोल्हापुरात त्या काळी मातीचे दोनच उपयोग लोकांना ठाऊक होते. तिच्यात लोळून पैलवान व्हायचं, नाहीतर ती भाजून तिच्यातलं गार पाणी प्यायचं. धोंडुबाई कुंभारणीनं तिसरा काढला. ती मातीच्या बायका करायची.

देवी नव्हेत. देवी तिचा सासरा केरबा करायचा. धोंडुबाईच्या बायका आपल्या साध्या. नदीवर धुणं आपटणारी, म्हशीच्या कासेला बसलेली, काखेत पोर मारून भांडणारी. भांडणारीचं तोंड तर असं उघडं, की शेजारची चिमणाबाई "ही मीच काय गं?" म्हणून भांडून गेली.

"सूनबाई, हात झ्याक हाय तुझा," केरबा म्हणायचा, "पर बाईचं बावलं कोन घेनार? घराघरात एक जित्ती हायच की!"

म्हणून या साऱ्याजणी न्हाणीमागं, फुटक्या घागरींच्या रांगेत उभ्या असायच्या. आपली एक तरी बाई चार माणसांच्या नजरेला पडावी, एवढंच धोंडुबाईच्या मनात होतं.

स्वातंत्र्याला चारपाच वर्षं झाली असतील. पेठेतल्या तालमीचा जोतीराम मोठी कुस्ती मारून आला आणि त्याचा पुतळा तालमीत बसवायचं ठरलं. गुंडू वस्ताद केरबाकडे आले. केरबाचे हात तोवर कापायला लागले होते, त्यामुळे काम सुनेकडे गेलं.

आता पैलवान करायचा तर अंग बघायला हवं, आणि तालमीत तर बाईला मज्जाव. शेवटी जोतीरामच लंगोट लावून कुंभाराच्या अंगणात उभा राहिला. त्या आठवड्यात गल्लीतल्या झाडून साऱ्या बायकांच्या घागरी एकदम फुटल्या आणि नव्या घ्यायला त्यांना अंगणात यावंच लागलं.

जोतीरामबरोबर त्याची आई तानाबाई दुधाची चरवी घेऊन यायची. दाराएवढी पाठ, मनगटं पोराला लाजवणारी. लेक लहान होता तेव्हापासून ती रोज तालमीच्या उंबऱ्यापर्यंत दूध पोचवत आली होती. उंबऱ्याच्या आत मात्र तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. धोंडुबाईचे हात पैलवानावर चालायचे आणि डोळे सारखे त्या पाठीकडे जायचे.

धोंडुबाईला पुतळा आतून कोरताना वस्तादांनी बघितलं आणि ते खवळले.

"पोकळ? आमचा पैलवान पोकळ? आतनं बी भरीव पायजे!"

"वस्ताद, भरीव आव्याच्या जाळात टिकत न्हाई. फुटतंय."

"फुटाय ते काय मडकं हाय? जोतीराम हाय त्यो!"

तालमीशी वाद कोण घालणार? केरबानं डोळ्यांनी खुणावलं, धोंडुबाईनं माती भरली. उरल्या मातीची मात्र तिनं मनाजोगती तानाबाई केली. मांडी घालून बसलेली, पुढ्यात चरवी, आणि आतून अगदी व्यवस्थित पोकळ. दोघं मायलेक एकाच आव्यात भाजायला गेले.

आवा पेटला आणि थोड्याच वेळात आतून उखळी बार उडाल्यासारखा आवाज आला. निवल्यावर राख उकरली, तर जोतीरामाची एक पोटरी तेवढी हाती लागली. भाजली मात्र होती सुरेख! शेजारी तानाबाई लालबुंद, धडधाकट बसलेली.

त्याच दिवशी हलगी वाजवत सारी तालीम पुतळा न्यायला दारात आली. वस्तादांनी पोटरी बघितली. हलगी थांबली. धोंडुबाईला वाटलं, आता ही बाईसुद्धा न्हाणीमागंच जाणार.

तेवढ्यात केरबानं तानाबाईची मूर्ती उचलली. "वस्ताद, पैलवान गेला. पर त्याला घडवनारी हाय. बगा."

"बाई? तालमीत?"

जोतीराम पुढं झाला. मूर्ती त्यानं खांद्यावर घेतली. "हिच्या दुधावर उभा हाय मी. ही भाईर, तर मी बी भाईर."

वस्तादांनी मूर्तीकडं पाहिलं, पटका उगाचच नीट केला आणि ते पोरांवर ओरडले, "बगताय काय? वाजवा की रं!"

अशी तानाबाई तालमीत गेली, मारुतीशेजारी बसली. खरी तानाबाई उंबऱ्याशी कमरेवर हात ठेवून उभी. "वस्ताद, मातीची मी आत, आन् खरी मी भाईर व्हय?"

वस्तादांकडे शंभर डाव होते, त्यातला तडजोडीचा त्यांनी काढला. मग ठरलं, दर नागपंचमीला मूर्ती उंबऱ्यावर आणायची, म्हणजे बायाबापड्यांनाही बघता येईल.

पहिल्या नागपंचमीला ही गर्दी! धोंडुबाई पदर सावरून सगळ्यांच्या मागं उभी होती. कुणीतरी विचारलं, "केली कुनी ही?"

तिनं तोंड उघडायच्या आत केरबा हलगीच्या वर आवाज चढवून गरजला, "माझ्या सुनंनं!"

पुढची सातआठ वर्षं आव्यातून बायकाच जास्त निघाल्या. कुणाला आपली आई हवी, कुणाला सासू (तीही हसरी, म्हणजे काम अवघडच). न्हाणीमागं आता फुटक्या घागरी तेवढ्या राहिल्या. भांडणारी सगळ्यात शेवटी गेली. ती चिमणाबाईनं नेली, आणि रस्त्यावरून दिसेल अशी दारातच ठेवली.