एफएमचा इतिहास आणि माझा घसा

रेडिओवाल्यांकडे किस्से साठतात ते ऐकणाऱ्यांमुळे. माझ्याकडे साठले ते ऐकणारे नसल्यामुळे!

मस्कतच्या एका एफएम स्टेशनवर शुक्रवारी सकाळी अर्धा तास माझा मराठी कार्यक्रम असतो. विषय : गेल्या शतकाच्या मध्यावरची अमेरिकेतली प्रादेशिक एफएम नेटवर्क्स. हो, विषय मीच निवडला. मॅनेजर शाजीने बजावलं होतं, "ईद तक फोन नहीं आया, तो अर्बाब बोलेगा खलास!" अर्बाब म्हणजे मालक. माझा मात्र त्या अर्ध्या तासावर फार जीव. एरवी माझं कोण ऐकतंय?

*

पहिला भाग. एका डोंगरावरचं स्टेशन दुसऱ्या डोंगरावरचा कार्यक्रम हवेतून पकडायचं आणि पुढे पाठवायचं, हे मी रंगून सांगितलं. शाजी चहा पिऊन आला तेव्हा कळलं, माइक बंदच होता.

"टेन्शन नहीं, सर. एक भी कम्प्लेंट नहीं आया!"

*

आम्ही राहतो अल अमेरातला, डोंगरापलीकडे. घरी रेडिओवर नुसती खरखर. म्हणून बायकोला मोबाइलवर ॲप घालून दिलं. पुढच्या शुक्रवारी विचारलं, "आला का आवाज?"

"आला. डोंगरच बरा होता हो!"

*

अमेरिकेतल्या शेतकरी संघटनांनी हवामान कळावं म्हणून स्वतःचं एफएम नेटवर्क उभारलं, हे सांगत होतो. तेवढ्यात पहिला खरा फोन! निझवा गावातल्या हॉटेलात काम करणारे वसईचे लोपीस.

"सर, त्या शेतकऱ्यांचं झालं. आज निझव्यात पाऊस आहे का? आमची पिकनिक आहे."

मला ठाऊक नव्हतं. त्यांनी फोन ठेवला.

*

पावसाचा फोन अर्बाब थोडाच मोजणार? मग मी लबाडी केली. दार्सैतला राहणाऱ्या माझ्या मित्राला, जाधवला, व्हॉट्सॲपवर प्रश्न लिहून पाठवला. जाधव इंजिनिअर माणूस, आलेली सूचना पूर्ण वाचणारा. ऑन एअर म्हणाला, "नमस्कार, आम्ही सहकुटुंब ऐकतो. ही स्टेशनं एकमेकांना कशी जोडली होती? जाधव, हे वाचतोयस असं वाटू देऊ नकोस."

शाजीला मराठी येत नाही, म्हणून वाचलो.

*

ईदच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. नेमका माझा घसा बसला. तोंडातून शब्द फुटेना. शाजीने अर्धा तास नुसती जुनी मराठी गाणी लावली.

आणि फोन सुरू झाले! दार्सैत, रुवी, निझवा, सगळीकडून. एक काकू तर म्हणाल्या, "आज कार्यक्रम कित्ती छान झाला!"

शाजी धावत आला. "सर, अर्बाब एकदम खूश! प्रोग्राम पक्का!"

माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. बोलता येईना, म्हणून हात जोडले.

शाजीने ते हात प्रेमाने धरले. म्हणाला, "बस एक रिक्वेस्ट है, सर. दवाई मत लेना."