भिंत पडली आणि मी सापडलो

आमच्या स्वयंपाकघराची भिंत मी स्वतःच्या हौसेनं, पूर्ण शुद्धीत असताना पाडून घेतली. (उगाच मिस्त्रीवर आळ नको, म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

अहमदपूरचं आमचं घर जुनं. पुढं बैठक, मागं अंधारं स्वयंपाकघर, मधे भिंत. लेकीचं लग्न ठरलं आणि तिनं मोबाईलवर कुणाचं तरी चकाचक घर दाखवलं.

"पप्पा, ओपन किचन करू. पाहुणे काय म्हणतील?"

पाहुणे काय म्हणतील या धाकानं मी विहिरीतही उडी मारली असती, भिंत तर किरकोळ! बायको, सुरेखा, एवढंच म्हणाली, "भिंतीला हात लावू नका. तुमचीच अडचण हुईल."

"माझी कसली अडचण? मी काय भाकरी थापतो?" असं म्हणून मी मोठ्यानं हसलो. ते हसू अजून आठवतं.

आता त्या भिंतीचं खरं काम सांगतो. माझे दोन्ही काका शेताच्या बांधावरून भांडलेले, कित्येक वर्षं एकमेकांशी बोलणं बंद. मोंढ्याच्या बाजारात सोयाबीन घालायला आले की दोघंही, वेगवेगळे, माझ्याकडं यायचे. "दिगंबर, तू शिकलेला हायस. सांग, बांध कुणाचा?" एकाचं नाव घेतलं असतं तर दुसरा माझ्या पोरीच्या लग्नात अक्षता टाकायला आला नसता. म्हणून फाटक वाजलं की मी भिंतीमागं जाऊन बसायचो आणि सुरेखा बाहेर येऊन सांगायची, "हे धर्माबादला गेलेत." धर्माबाद माझी सासुरवाडी. सासुरवाडीवर इतकी माया करणारा जावई अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही!

तर भिंत गेली, तिच्या जागी कमरेएवढा ओटा आला. भरपूर उजेड आला, वारा आला. होणारे व्याही नवं घर बघायला आले, तेव्हा सुरेखानं ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या आणि व्याही सोफ्यावर ढसाढसा रडले. (पाठवणीआधी मुलाच्या बापाला रडवण्याचा मान आमचाच!) मी म्हटलं, "नवीन आहे, सवय होईल."

मग एका बाजाराच्या दिवशी फाटक वाजलं. थोरले काका! मी सवयीनं स्वयंपाकघराकडं धावलो आणि तिथं गेल्यावर आठवलं, की भिंत मीच पाडलीय. ओट्यामागं कांद्यांच्या टोपलीजवळ उकिडवा बसलो.

"हे धर्माबादला गेलेत," सुरेखा म्हणाली.

"असू दे. बसतो जरा. भाकरी हाय का?"

भाकरी म्हणजे ठेचा आलाच. सुरेखानं तवा चढवला. तेवढ्यात धाकटे काकाही दारात! दोघं सोफ्याच्या दोन टोकांना, तोंडं फिरवून.

"दिगंबर कुठं हाय?" धाकट्यांनी भिंतीवरच्या घड्याळाला विचारलं.

"धर्माबादला," थोरले म्हणाले.

इतक्या वर्षांत दोघं पहिल्यांदा बोलले, आणि तेही माझ्या थापेवर! तेवढ्यात तव्यावर मिरच्या पडल्या. मी नाक दाबलं, तोंड दाबलं, शेवटी ठसका असा फुटला की टोपली कलंडली आणि कांदे घरंगळत बैठकीत जाऊन काकांच्या पायाशी थांबले. ओट्यावरून दोन फेटे एकदमच खाली वाकले.

"धर्माबादहून कवा आलास?" थोरल्यांनी विचारलं.

"आत्ताच," मी खालूनच म्हणालो.

"ह्याला आपण निवाडा मागून राहिलो व्हय?" धाकटे म्हणाले.

"ह्याला सोताच्या घरात धड लपता येईना, बांध काय सांगतोय! चल, आपलंच आपण मोजून घिऊ," थोरले म्हणाले.

दोघं खोकत खोकत हसले, एका ताटात जेवले आणि एकाच मोटारसायकलवर गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरच्या होत्याच, पण पोरीच्या लग्नाला आता दोघंही येणार, याचा मला खरंच फार आनंद झाला होता.

तरी झाली तेवढी शोभा पुरे, म्हणून दुसऱ्या दिवशी भिंत परत बांधायला मी मिस्त्रीला बोलावलं. तो दारात आला, तेव्हा मी सुरेखाच्या शेजारीच उभा होतो.

"साहेबांनी बोलावलंय व्हय, भिंत परत बांधायला?" त्यानं तिलाच विचारलं.

"न्हाई," घरात आलेल्या उजेडाकडं बघत सुरेखा शांतपणे म्हणाली, "हे धर्माबादला गेलेत."

मिस्त्रीनं माझ्याकडं नीट बघितलं, मान डोलावली आणि "बरं, आले की सांगा," म्हणून निघून गेला.