शमीची छाटणी

परवा खातीपुऱ्यात एकजण खेजडी, म्हणजे आपली शमी, छाटत होता. त्या ओल्या पाल्याच्या वासासरशी रेल्वे क्वार्टरमागची, लहानपणीची थंडीतली दुपार आठवली.

शेजारच्या भंवरीबाई शमीवर चढून फांद्या उतरवत होत्या. आई धावली. "अरे, पेड़ मर जाएगा!"

"छाँटने से ही तो फूटता है, भाभीजी. बस, चोटी मत काटना." शेंड्याकडे बोट दाखवत त्या खाली उतरल्या आणि कुऱ्हाड आईच्या हातात दिली.

आई पदर खोचून चक्क झाडावर चढली. सगळी कॉलनी बघत होती. मी लाजेनं घरात पळालो. आई काय शिकली, ते मी पाहिलंच नाही.

परवा मात्र कुठली फांदी का ठेवतात, हे मला जाणून घ्यायचं होतं. मी त्या छाटणाऱ्याला हाक मारली.

"भैया, मुझे सिखाओगे?"

"चढ़ पाओगे?" माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत त्यानं विचारलं.

मी चपला काढल्या.