काजूचं तेल प्यायलेली गिटार

आज दुपारी लांज्याहून दत्ताकाका मुलाची जुनी गिटार घेऊन माझ्या गिटारदुरुस्तीच्या दुकानात आले. मुलगा मुंबईला असतो. गणपतीत घरी येतो तेव्हा तो हीच वाजवतो. "कंपनी कुठली ते बघा आणि तारा बदलून द्या," काका म्हणाले.

पिशवी उघडली. गिटार काळी आणि चिकट झाली होती. आत बॅटरी मारली. दोन झुरळं लाकडाला चिकटून मेलेली. कंपनीचा कागद काळ्या थराखाली गेलेला. टकटक केलं तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला.

"काका, हे काय लावलंत?"

"काजूच्या टरफलांचं तेल. आतून-बाहेरून दोन हात मारले. वाळवी लागता नये ना! त्याने होडी टिकते, हिला काय धाड भरलीय?"

पुसायला गेलो तर बोटं चुरचुरली. स्वस्त प्लायची गिटार, तेल पार आत मुरलेलं. हिचा आवाज आता परत येणार नाही, असं मी सांगितलं. वर चिडून विचारलं, "हे डोकं कुणाचं?"

"तुमचंच की! तुम्हीच गिटारवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलंत, गिटारला वर्षातून एकदा तेल पाजा."

लिहिलं होतं. बोटं ठेवतो त्या पट्टीला लिंबाच्या तेलाचे चार थेंब, एवढंच मला म्हणायचं होतं. पण 'पाजा' हा शब्द मला आवडला आणि मी तिथेच थांबलो. आज त्या शब्दाची किळस येते.

काकांच्या मुलाला फोन मीच करणार आहे. त्याआधी इथे ग्रुपवरच सांगा, तुमच्यापैकी आणखी कुणी पाजलंय का?